काका, ज्योत निळी आहे का?

नाशिकमध्ये आमची थंडीची तयारी दसरा झाला की सुरू होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाचच्या खाली गेल्याची बातमी पेपरात आली की सगळं शहर थंडीवर बोलायला लागतं, पण तोवर आमचं काम उरकलेलं असावं लागतं. आम्ही म्हणजे काही निवृत्त इंजिनिअर, एक वायरमन, एक प्लंबर आणि कॉलेजातली पोरं. मुलं बाहेरगावी असलेल्या आजी-आजोबांची घरं थंडीआधी बघून द्यायची, एवढाच उद्योग. लोकांना वाटतं, आम्ही खिडक्यांच्या फटी बुजवत फिरतो. तेही करतो. पण निम्मा वेळ जातो तो लोकांनी बुजवून ठेवलेली भोकं पुन्हा उघडण्यात.

दारात उभं राहून ‘मदतीला आलोय’ म्हणायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मदत म्हटलं की ‘आमचं छान चाललंय’ हे उत्तर ठरलेलं. ‘सोलरच्या टाकीत क्षार साचलाय का, बघायचंय’ म्हटलं की दार उघडतं. बोअरचं पाणी असलेल्या सोसायटीत तो साचलेला असतोच, त्यामुळे खोटंही बोलावं लागत नाही.

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका. त्यांनी आपली बाथरूम आम्हाला गड दाखवावा तशी दाखवली. वरच्या काचेच्या पट्ट्यांवर वर्तमानपत्र, त्यावर चिकटपट्टी. एक्झॉस्ट फॅनच्या भोकात थर्माकोल मापात कापून बसवलेला. ‘‘वाऱ्याची झुळूक आत आली तर सांगा!’’ आणि आतल्याच भिंतीवर गॅस गिझर. आमचा वायरमन एरवी सारखा बोलतो, तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘काका, आंघोळ झाल्यावर डोकं दुखतं का हो?’’

‘‘दुखतं ना. पित्त आहे माझं, जुनं.’’

गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या बाथरूममध्ये प्राणवायू कमी पडला की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. माणसाला ठसका लागत नाही, जीव घुसमटल्यासारखाही वाटत नाही. नुसतं गरगरतं, पायांतलं बळ जातं आणि दाराला आतून कडी असते. काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. ‘‘सात वर्षं वापरतोय,’’ म्हणाले. विषय संपला.

विज्ञानाने जे झालं नाही ते वायरमनने केलं. गिझर चालू करून त्याने काकांना ज्योत बघायला लावली. ‘‘निळी पाहिजे, काका.’’ ती पिवळट होती. आयुष्य छपाईत गेलेला माणूस तो. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि एकच वाक्य बोलले : ‘‘शेड गेलीय.’’ थर्माकोल त्यांनी स्वतःच्या हाताने उपटला. पुढच्या आठवड्यात गिझर मागच्या गॅलरीत गेला आणि गरम पाण्याची तेवढी नळी आत आली. आता ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन ज्योती तपासतात, असं ऐकतो. काहींना त्याचा वैताग येतो, म्हणे. येऊ दे.

मुलांनी घेऊन दिलेल्या वस्तू हा वेगळाच प्रकार. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आजींकडे परदेशातल्या मुलाने घेऊन दिलेला हीटर होता. त्यावर क्रोशाचं कव्हर. बिल येतं म्हणून लावायचा नाही, पण रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागे दिसेल असा ठेवायचा. मग थंडीत करता काय? ‘‘गोधडी आहे की.’’ पहिल्या चहाला खरं कुणीच सांगत नाही, हे आता आम्हाला ठाऊक झालंय. दुसरा चहा झाला, आमच्यातली एक मुलगी कप विसळायला उठली आणि तिला मोरीच्या कडेला राख दिसली.

‘‘आजी, राखेनं भांडी घासता?’’

‘‘नाही गं. रात्रीची शेगडी असते.’’

रात्री, निजायच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून. निखारे लाल झाले, धूर गेला, आता भीती नाही, असं त्यांचं म्हणणं. बहुतेकांचं तेच असतं. धूर जातो, पण तोच कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांतून निघतच राहतो. बरीच घासाघीस झाली. शेगडी संध्याकाळी वाड्याच्या चौकात पेटवायची, शेकायला चार जणींना बोलवायचं. झोपताना अंथरुणात गरम पाण्याची पिशवी, कापडात गुंडाळून. पलंग बाहेरच्या भिंतीपासून सरकवला, शहाबादी फरशीवर सतरंजी घातली आणि तिचे कोपरे चिकटवले. आजींची अट एकच : ‘‘मुलाला कळवायचं नाही.’’ यावरून आमच्यात परतीच्या वाटेवर भांडण झालं. इंजिनिअर मंडळी म्हणत होती, कळवलंच पाहिजे. आम्ही कळवलं नाही, आजींना विचारून खालच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना मात्र सांगितलं. मला अजून तेच बरोबर वाटतं. मुलाला कळलं असतं तर पुढच्या वेळी राख आधीच उचलली गेली असती.

हीटर खरंच लावणाऱ्यांचा घोळ वेगळा. दोन हजार वॉटचा हीटर नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि लावलेला असतो सहा अँपिअरच्या सॉकेटवर, तोही पलंगाखालून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाने. वायरमनच्या पिशवीत वितळलेली एक काळी पिन कायम असते. तो भाषण देत नाही, पिन हातावर ठेवतो.

बाकीची कामं किरकोळ दिसतात. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, कारण म्हातारी कातडी लवकर भाजते. थंडीत लघवीला जास्त वेळा उठावं लागतं, म्हणून दिव्याचं बटण उशाशी आणायचं. आणि माळ्यावरच्या रजया आम्हीच खाली काढून उन्हात घालायच्या, कारण त्यासाठी स्टुलावर चढलेल्या आजोबांना पुढचा हिवाळा वॉकरवर काढावा लागलेला आम्ही पाहिलाय.

महाशिवरात्र झाली की पुन्हा फोन सुरू होतात. ‘‘उतरवल्यात ना तुम्ही? मग आता वर कोण चढवणार?’’ तेव्हा पोरं कमी पडतात, त्यांच्या परीक्षा आलेल्या असतात. मग साठीच्या पुढचे आमचे इंजिनिअरच स्टुलावर चढायला निघतात आणि वायरमन त्यांना ओरडून खाली उतरवतो.