न बोलता बदललेल्या संख्या

१९५७ साली आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या चमूने फोर्ट्रान भाषा आणली. त्या भाषेत संख्येचा प्रकार नावावरून ठरे. आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू होणारं नाव पूर्णांकाचं, बाकीची दशांशाची. दशांश संख्या पूर्णांकाच्या नावात ठेवली, की दशांशचिन्हापुढचा भाग गळून जायचा, तोही निमूटपणे.

फोर्ट्रानच्या १९६६च्या प्रमाणकात मात्र शिस्त होती. एकाच बेरजेत पूर्णांक आणि दशांश मिसळायला मनाई होती, तिथे रूपांतर हवं असेल तर ‘फ्लोट’ किंवा ‘आयफिक्स’ असं स्पष्ट लिहावं लागे. थोडा त्रास होता, पण कार्यक्रम वाचणाऱ्याला बेरजेत संख्या कुठे बदलली ते दिसायचं. फोर्ट्रान ७७ने ही मनाई उठवली आणि लिहिणं सोपं झालं. दोन पूर्णांकांचा भागाकार मात्र पूर्णांकच राहिला. सेल्सिअसचं फॅरनहाइट करायला ९/५*सी+३२ असं लिहिलं, तर आधी ९/५ चं उत्तर १ येतं, आणि उकळतं पाणी २१२ ऐवजी १३२ अंशांवर येतं. ९.०/५.० लिहिलं की सगळं ठीक. चूक एवढीशी, पण तिची सूचना भाषा देत नाही.

या प्रश्नाचं एक फार महागडं उदाहरण अडा भाषेतलं. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान ५ हे रॉकेट झेपावलं आणि साधारण ४० सेकंदांत नष्ट झालं. आडव्या वेगाशी निगडित असलेली ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती, आणि ३२,७६७च्या पुढचं त्यात मावत नाही. इथे भाषा गप्प नव्हती. तिने अपवाद उठवला, पण तो झेलायची सोयच ठेवलेली नव्हती. अशा सात रूपांतरांपैकी चारांना संरक्षण होतं, तिघांना नव्हतं. प्रोसेसरवरचा भार मर्यादेत राहावा, हे त्यामागचं कारण. हे रूपांतर करणारी प्रणाली आधीच्या एरियान ४ वरून आली होती, आणि तिथे तो आकडा एवढा मोठा होणं शक्यच नव्हतं. राखीव संगणकातही तोच कार्यक्रम असल्यामुळे तोही बंद पडला.

पुढच्या भाषांनी वेगवेगळे मार्ग धरले. ८ बिटांच्या, म्हणजे २५५पर्यंतच मोजू शकणाऱ्या प्रकारातल्या २०० मध्ये साधे १०० मिळवा. मॅटलॅब २५५वर थांबतं. ज्युलिया मोठा प्रकार निवडून ३०० देते. पायथन भाषेच्या नमपाय या ग्रंथालयात, अ‍ॅरेत म्हणजे संख्यांच्या रांगेत, उत्तर येतं ४४, कारण २५५ ओलांडले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. २०१२ साली जाहीर झालेल्या ज्युलियाचा एक आग्रह फार मोलाचा आहे: २.७ चा थेट पूर्णांक करायला सांगितला तर ती त्रुटी दाखवून थांबते. वर न्यायचं, खाली आणायचं की छाटायचं, हे लिहिणाऱ्यानेच सांगायचं.

नमपायचा जुना नियम गोंधळात टाकणारा होता. निकालाचा प्रकार कधीकधी संख्येच्या किमतीवर ठरायचा, त्यामुळे एकट्या २०० मध्ये १०० मिळवले की ३०० मिळत, अ‍ॅरेत मात्र ४४. जून २०२४च्या २.० आवृत्तीने किमतीऐवजी प्रकाराचाच नियम लावला. आता एकट्या संख्येलाही ४४ येतात, पण सोबत इशारा मिळतो. अ‍ॅरेत तो इशाराही नाही. म्हणून ८ बिटांची छायाचित्रं उजळ करणारे जाणते लोक बेरजेआधीच पिक्सेल १६ बिटांत नेतात आणि शेवटी २५५वर छाटून पुन्हा ८ बिटांत आणतात.