लोखंडाला घाम फुटतो का?

हिवाळ्यात सकाळी गार पाण्याचे पातेले गॅसवर ठेवले, की क्षणभर त्याच्या बाहेरच्या अंगावर बारीक थेंबांचा थर दिसतो. पातेले तापले, की तो नाहीसा होतो. घरच्या वेल्डिंग मशीनवर काम करणाऱ्यांनाही हे दृश्य परिचयाचे आहे. जोडण्यापूर्वी गार लोखंडी पट्टीवर गॅसची ज्योत फिरवली, की पट्टी ओली होते. मग कोणीतरी म्हणते, "लोखंडातले पाणी बाहेर आले!"

लोखंड हा काही स्पंज नव्हे. मग पाणी आले कोठून? ते ज्योतीतून आले. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. ब्यूटेनचा एक रेणू पूर्ण जळला, की पाण्याचे पाच रेणू तयार होतात. ही वाफ गार धातूवर थंडावून थेंब बनते. म्हणजे ज्योत फिरवून लगेच जोडकाम सुरू केले, तर पट्टी वाळवण्याऐवजी आपण ती ओलीच केली! थेंब पूर्ण उडून जाईपर्यंत तापवले, तरच उपयोग.

एवढ्याशा पाण्याने काय बिघडते? वेल्डिंगच्या ठिणगीचे तापमान काही हजार अंश असते. तेथे पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजनचे अणू सुटे होतात आणि वितळलेल्या पोलादात विरघळतात. पोलाद घट्ट होताना मात्र त्यात इतका हायड्रोजन मावत नाही. काही बुडबुड्यांच्या रूपाने निघतो व छिद्रे पाडतो, काही आतच अडकतो.

आता थंडीचा दुसरा परिणाम पाहू. गार आणि जाड पट्टी जोडातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा पोलाद एकदम थंड होऊन कठीण बनते, पण ठिसूळही होते. कार्बन जास्त असलेल्या पोलादात जोडालगत हेच घडते. ठिसूळ पोलाद, आत अडकलेला हायड्रोजन आणि आकुंचनाचा ताण ही तिन्ही एकत्र आली, की काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनीही तडा जातो. संध्याकाळी उत्तम दिसलेला जोड सकाळी फुटलेला आढळतो तो यामुळे!

खिडकीच्या जाळीच्या पातळ, मऊ पोलादाला ही भीती फारशी नाही. पण गाडीचा स्प्रिंगपाटा किंवा जाड अवजार जोडताना सावध राहावे. इमारतींच्या पोलादी कामासाठी असलेली अमेरिकन नियमावली सांगते, की पोलाद ०° सेल्सिअसपेक्षा गार असेल तर ते किमान २०° पर्यंत तापवूनच जोडावे. लडाखमध्ये हा नियम पदोपदी लागेल. महाराष्ट्रात एवढी थंडी क्वचितच पडते. आपला खरा शत्रू आहे दव आणि ओल.

ही ओल वेल्डिंग रॉडच्या लेपातही शिरते. रॉड तडतडू लागला, ठिणग्या फार उडू लागल्या, तर लेप दमट झाला आहे असे समजावे. रॉड झाकणबंद डब्यात ठेवावेत. वाळवण्याचे तापमान प्रकारानुसार बदलते. ६०१३ ला साधारण १००° पुरते, तर ७०१८ ला ३०० अंशांहून अधिक लागते. म्हणून खोक्यावरील सूचना पाहावी.

मशीनलाही दवाचा त्रास होतो. रात्रभर गार पडलेले मशीन उबदार, दमट हवेत आणले, की आतल्या तारांवर व सर्किटवर पाणी साचते. आत धूळ असेल तर ती ओल धरून ठेवते. त्यामुळे विद्युतरोधन कमी होऊन मशीनच्या पेटीत प्रवाह उतरू शकतो. यावर उपाय सोपा आहे. मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनच आत आणावे, म्हणजे दव पिशवीवर जमते. तासदोन तासांनी पिशवी काढावी आणि नंतरच प्लग लावावा. अर्थिंग तपासावे. थंडीत ताठ झालेल्या केबलला चिरा पडल्या आहेत का, तेही पाहावे. हातमोजे व बूट कोरडे हवेत.

थंडी वाजते म्हणून दारे-खिडक्या बंद करून वेल्डिंग करू नये. धूर, विशेषतः जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपचा, घातक असतो. ॲक्रिलिकचा स्वेटर किंवा मफलर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती कपडेच घालावेत.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. स्टीलच्या दोन पेल्यांत सारखेच गार पाणी घ्या आणि दोन्ही बाहेरून पुसून कोरडे करा. शिक्षकांनी एक पेला स्पिरिटच्या दिव्यावर धरावा, दुसरा नुसता बाजूला ठेवावा. थेंब कोणत्या पेल्यावर आले? दुसरा पेला कशासाठी ठेवला? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला सापडेल, तो लोखंडातून पाणी निघते यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.