उतराई, आगीच्या दिवसांतली

मैत्रिणींनो, फेब्रुवारी सरत आला की तुम्हाला पापड-कुरडयांचे वेध लागतात. आमच्याकडे मेळघाटात तेव्हा फायर सीझन लागलेला असतो. खात्याच्या हिशेबात १५ फेब्रुवारी ते १५ जून. मी इथे वनरक्षक आहे. या चार महिन्यांत रजा मागायची नाही, असा आमचा अलिखित नियम. घरचं लग्न असलं तरी!

जंगल सागाचं. कोरकू भाषेत सागाला 'सिपना' म्हणतात, इथल्या नदीचंही तेच नाव. श्रावणात पाहाल तर डोळे निवतील. पण मार्चमध्ये पान न् पान गळून खाली घोट्याएवढा थर साचतो आणि त्यावर पाऊल टाकलं की भाजलेला पापड मोडल्यासारखा आवाज येतो. मग बिडीचं एक थोटूकही पुरतं. चढावर तर आग माणसाला मागे टाकते आणि बांबूच्या बेटात शिरली की पेरं फुटून बंदुकीसारखे बार निघतात. बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, असं आपण लहानपणी ऐकलेलं. इथे मात्र आग बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागते.

"अशा ठिकाणी तू एकटी राहतेस तरी कशी?" माहेरी गेले की हा प्रश्न ठरलेला. एकटी कुठली? संरक्षण कुटीत सकाळी डोळे उघडल्यापासून मी कुणाकुणाची देणेकरी असते. उतारावरच्या हातपंपावरून दोन गुंड पाणी आणून ठेवणारा वनमजूर दादा माझ्या बापाच्या वयाचा. "मी आणते" म्हटलं तर म्हणतो, "तुमी वायरलेस सांभाळा." आंघोळीला एक बादली मिळाली की तो दिवस सणाचा! रात्री नऊला वायरलेसवर एकेका कुटीची खबर घेतात. "सब ठीक?" "सब ठीक." एवढंच बोलणं. पण त्या खरखरीतून पलीकडच्या कुटीतल्या मैत्रिणीचा आवाज आला की भाकरीचा घास गोड लागतो. तीही घरी लहान लेकरू ठेवून आलेली. मासिक पाळीच्या दिवसांत एकमेकींची गस्त कशी सांभाळून घ्यायची, हे आम्ही दोघींनीच ठरवून टाकलंय. साहेबांना कशाला सांगायचं?

आता आगीचं. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने जंगलातल्या आगी टिपते. हल्ली निरोप थेट मोबाइलवर येतो. जिथे रेंज आहे तिथे! गेल्या एप्रिलात मात्र आम्हाला धूर दाखवला तो एका गुराख्याच्या पोरानं. भर दुपारी अनवाणी पळत आला होता. आम्ही सात जण निघालो. दोन ब्लोअर, बाकीच्यांच्या हाती हिरव्या फांद्या. ब्लोअर म्हणजे पाठीवर घ्यायचं वारा फेकणारं यंत्र. त्यानं आगीपुढचा पाला उडवून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. ऐकायला सोपं वाटतं. तासाभरात खांदे भरून येतात आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नाही.

संध्याकाळी वारा फिरला. मी पुढे निघाले होते, तेवढ्यात आमच्यातल्या म्हाताऱ्या फायर वॉचरनं माझा दंड धरून मागे ओढलं. हा कोरकू बाबा एरवी माझ्याशी मान वर करून बोलतही नाही. त्यानं मूठभर राख हवेत सोडली, ती कुठे जाते ते पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना जाळरेषेपर्यंत मागे नेलं. तिथून आगीच्या दिशेनं उलटी आग लावली. दोन्ही आगी भिडल्या आणि मधल्या मधे विझल्या. मी जिथे जाणार होते ती जागा तोवर पेटून गेली होती. पहाटे तीनला सगळं थंड झाल्यावर मी त्याच्या पाया पडले, तर तो लाजून बाजूला झाला आणि तंबाखू मळत बसला.

पण माझ्यावर खरं ऋण आहे ते शेजारच्या पाड्यावरच्या एका आजीचं. मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पहाटे टपटप गळतात. पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करायची जुनी रीत. तीच आग पुढे जंगलात शिरते. आम्ही पाड्यापाड्यावर जाऊन सांगतो, जाळू नका, झाडून घ्या. सांगायला आमचं काय जातं! जाळायला पाव तास लागतो, झाडायला अख्खी सकाळ. वाळलेल्या मोहावरच तेल-मीठ आणि नातवाच्या वह्या यायच्या असतात. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुझा पगार एक तारखेला येतो. माझा झाडावरून पडतो."

काय बोलणार? मी गप्प परत आले.

चार दिवसांनी पहाटे गस्तीवर निघाले, तर तिच्या दोन्ही झाडांखाली लख्ख झाडलेलं अंगण! आजी कंबरेवर हात ठेवून उभी. पाच झाडांतली तीन तिनं सोडून दिली होती. एवढंच जमेल, म्हणाली. म्हणजे माझ्या एका शब्दापायी तिची निम्म्याहून जास्त फुलं गेली. 'आभारी आहे' हा शब्द तिथे फार हलका वाटला. दुसऱ्या दिवसापासून गस्तीआधी अर्धा तास मी झाडू घेऊन जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी वनमजूर दादा आला. मग आजीची सून. तिसरं झाडही साफ झालं. उरलेल्या दोघांचं मात्र जमलं नाही.

यंदा होळीत कोरकू बायकांनी रिवाजाप्रमाणे रस्ता अडवून फगवा मागितला, तेव्हा आजी पुढे होती. मी पन्नासाची नोट काढली. तिनं ती माझ्या हातात परत कोंबली आणि म्हणाली, "दहाच दे. अन् तुझ्या सासूच्या जुन्या साड्या असतील तर आण. झाडाखाली अंथरल्या की फुलं वरच्यावर मिळतात."

परतवाड्याला सासूबाईंना निरोप धाडलाय. त्यांनी शेजारपाजारच्याही मिळून नऊ जमवल्यात. पुढच्या गाडीनं येतील.