टेबलावरची टपाल

स्कोडाचा कारखाना शेंद्रा एमआयडीसीत २००१ साली सुरू झाला. पाच-सहा वर्षांनी त्याच पट्ट्यातल्या एका वर्कशॉपमध्ये, नाव राहू द्या, मशीनांची स्थिती दाखवणारा पडदा सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. प्रोग्रॅम चाले ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर आणि चित्र उमटे शेडमधल्या पडद्यावर. मध्ये नेटवर्कची केबल. ही करामत एक्स विंडो सिस्टिमची. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली ही यंत्रणा सप्टेंबर १९८७मध्ये अकराव्या आवृत्तीला पोचली आणि तो अकरा आकडा पुढे कधी बदललाच नाही. त्यात नावं उलटी असतात: पडद्याजवळचा तो सर्व्हर, लांबचा प्रोग्रॅम तो क्लायंट. नव्या पोराला एवढं समजावण्यात चहाचे दोन कप जात.

तक्रार विचित्र होती. ऑपरेटर पडद्यावरचं बटण दाबायचा, काहीच हलायचं नाही. वैतागून त्याने माऊस जरा सरकवला, की मघाचं बटण लागू व्हायचं. आम्ही केबल बदलली, मग स्विच बदलला. दोष निघाला माझ्याच ओळींत.

माझ्या प्रोग्रॅमला दोन दारं राखायची होती: पडद्याची जोडणी आणि मशीनांकडून येणारी सिरीयल लाइन. म्हणून तो ‘सिलेक्ट’ या सिस्टिम कॉलला सांगून झोपायचा, की कुठल्याही दारात काही आलं तर उठव. पण एक्सची लायब्ररी एक्सलिब दारातून टपाल उचलते ती एकेक पाकीट नव्हे. प्रत्येक पाकीट म्हणजे एक घटना, बत्तीस बाइटांची. दारात असतील तेवढ्या ती एका दमात आत आणते आणि आपल्या रांगेत, म्हणजे टेबलावर, लावते. मी त्यातली एक घटना घेऊन पुन्हा झोपी जायचो. उरलेल्या टेबलावर पडून, आणि सिलेक्टची नजर रिकाम्या दारावर!

आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकुनाला हे लगेच कळलं असतं. किती टपाल बाकी आहे, या प्रश्नाची एक्सलिबमध्ये तीन उत्तरं आहेत. एक, फक्त टेबलावरची मोजा. दोन, टेबल रिकामं असेल तर दारातली आत आणून मोजा. तीन, तेच करा, पण आधी आपली जावक रवाना करा. ‘एक्सपेंडिंग’ म्हणजे हे तिसरं. टेबलावर एक जरी पाकीट असलं तरी तिन्ही पद्धती दाराकडे न बघता तेवढाच आकडा सांगतात. त्यामुळे तो वाचायचा ‘निदान इतकी’ असा. झोपण्याआधी एक्सपेंडिंगला विचारून टेबल रिकामं करायचं, एवढाच माझा उपाय ठरला. शिवाय जावक पेटीत अडकलेलं चित्रही त्यामुळे वेळेवर पडद्यावर जाऊ लागलं.

मग मला मोजण्याचा नादच लागला. रांगेची लांबी दर मिनिटाला फाइलीत नोंदवू लागलो. बहुतेक वेळ शून्य. मध्येच आकडा चढायचा. कारण माऊस. तो फिरला की हालचालींच्या घटनांचा पाऊस पडतो, आणि आलेख काढायला माझा प्रोग्रॅम सुस्त. शेवटची हालचाल ठेवून आधीच्या टाकून दिल्या, की रांग ओसरायची. खिडकीचा झाकलेला भाग उघडा पडतो तेव्हा मात्र एक्स स्वतःच उदार होतो: मागून निदान किती तुकडे येताहेत, तो आकडा त्या घटनेतच लिहिलेला असतो. तो शून्य झाल्यावर एकदाच चित्र काढा. इतका शहाणपणा बाकीच्या बहुतेक घटनांत का नाही घातला, हे कोडं मला अजून आहे.

२००८मध्ये एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडचं काम सुरू झालं. २०१६च्या फेडोरा २५ या लिनक्समध्ये तो मूळ पर्याय म्हणून आला आणि २०२५च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १०मधून एक्सचा जुना सर्व्हर वगळला गेला. मी चूक करून शिकलो ते वेलँडच्या लायब्ररीत नियमच होऊन बसलंय: दारातलं वाचायची तयारी करायला जा, रांगेत काही शिल्लक असेल तर ती सरळ नकार देते. आधी टेबल आवर, मग झोप.

पण केबलीच्या दुसऱ्या टोकाला चित्र उमटवण्याची सोय वेलँडने मूळ आराखड्यात ठेवली नाही. शेडमधल्या त्या पडद्यावर आता ब्राउझर उघडतो.