टेबल कललं होतं, बाबांचा हात नाही

आमच्या इंदूरच्या घरी खालच्या खोलीत एक पूल टेबल आहे, 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद. पंचवीस वर्षांपूर्वी बाबांनी ते एका बंद पडलेल्या क्लबकडून जुनं घेतलं. स्नूकर 1875 साली आपल्या जबलपूरच्या छावणीत जन्मला आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, हे आम्हा भावंडांना शाळेच्या आधी बाबांनी शिकवलं. त्या टेबलावर त्यांना हरवणं मात्र कुणाला जमलं नाही.

मागच्या दिवाळीत घरी गेलो, तर टेबलावर चादर आणि चादरीवर फराळाचे डबे. आई हळूच म्हणाली, "त्यांनी खेळणं सोडलंय रे. साधे साधे नेम चुकतात. हात गेला म्हणतात." बाबा आता 72 वर्षांचे आहेत. जेवताना तेच म्हणाले, "विकून टाक ते. जागा तरी मोकळी होईल."

दुसऱ्या दिवशी मी डबे हलवले आणि पांढरा चेंडू अगदी हळू ढकलला. अर्ध्यावर जाऊन तो डावीकडे, खिडकीच्या बाजूला वळला. समोरच्या टोकाकडून ढकलला, तर उजवीकडे, म्हणजे पुन्हा खिडकीकडेच! पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मधे थांबेना.

या टेबलाच्या हिरव्या कापडाखाली दगड असतो. आजी-आजोबांच्या शाळेतली पाटी ज्या दगडाची, तोच हा. आमच्या टेबलात त्याचे तीन तुकडे आहेत, इंचभर जाडीचे आणि प्रत्येकी साठ-सत्तर किलोचे. ते लाकडी चौकटीवर स्क्रूने बसवून मधले सांधे भरलेले असतात. हा दगड सहसा वाकत नाही, त्याच्या खालचं हलतं. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घराची फरशी तिच्यासोबत थोडी थोडी खचते.

आमच्या नेहमीच्या सुतारमिस्त्रींना बोलावलं, मदतीला चुलतभाऊ आला. कडेच्या पट्ट्या सोडवल्या, कापड काढलं. एका सांध्यातलं जुनं मेण तडकलं होतं आणि मधला तुकडा खाली बसला होता. सरळ पट्टी आडवी ठेवली, तर तिच्याखालून पत्त्यांतली दोन पानं आरामात सरकत होती.

मी घाईने दगडाखाली पाचर ठोकायला निघालो. मिस्त्रींनी हात धरला. "भैया, पहले पाये, फिर पत्थर." आधी पायांखाली आधार देऊन सगळी चौकट समपातळीत आणली. मग दगडाचे स्क्रू सैल केले आणि बसलेल्या कडेखाली लाकडाच्या बारीक पाचरी सरकवल्या. जिथे पाचर जाड होत होती, तिथे जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या घातल्या. स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो, कारण एकदम आवळले तर दगड तडकतो. दर वेळी पाणसळ लांबीत, रुंदीत आणि तिरकी ठेवून पाहिली. उंच वाटणारा भाग घासून टाकायचा मोह मलाही झाला होता. तसं करू नका, घासलेला दगड परत येत नाही.

बाबा पहिल्या दिवशी पेपर वाचत लांब बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही सांध्यात लांबी भरून, वाळल्यावर पॉलिशपेपर मारून हात झटकले, तेव्हा ते उठले. सांध्यावरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबले.

"इथे लागतंय अजून."

आम्हा तिघांच्या बोटांना काहीच लागत नव्हतं. पट्टी ठेवून पलीकडून टॉर्च मारला, तर त्याच जागी प्रकाशाची बारीक रेघ दिसली. मिस्त्री बाबांकडे बघून म्हणाले, "बाबूजी का हाथ तो लेवल से तेज है." बाबा काही बोलले नाहीत. पण पॉलिशपेपर माझ्या हातातून त्यांनी काढून घेतला.

भाऊबीजेच्या संध्याकाळी नव्या कापडावर पहिला डाव झाला. चेंडू सरळ गेला आणि सरळच राहिला. बाबांचे तरीही दोन सोपे नेम चुकले. मी गप्प बसलो. ते हसून म्हणाले, "हे मात्र माझे हं. टेबलाचे नाहीत."

डाव मी जिंकलो, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी लगेच दुसरा लावायला सांगितला.

तुमच्या घरातलं कुणी 'आता मला जमत नाही' म्हणून काही सोडून बसलं असेल, तर आधी एक चेंडू हळूच ढकलून बघा. फराळाचे डबे काय, दुसरीकडेही राहतात.