विलायती हिरवळ की आपली हरळी?

रोपवाटिका चालवणाऱ्या आपल्या गटांकडे बारीक पात्याच्या विलायती हिरवळीची मागणी येते. बियाण्यात पैसे घालण्याआधी या गवताचा स्वभाव समजून घेऊ.

फेस्क्यू हे असेच एक गवत. पाते सुईसारखे बारीक. इंग्लंडसारख्या थंड मुलखात ते उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरतात. बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर मातीखाली घालतात आणि उगवेपर्यंत वरची ओल मोडू देत नाहीत. खत थोडेच. कापताना एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच काढतात. जास्त छाटले की मुळे दुबळी होतात.

हे गवत साधारण 15 ते 24 अंश तापमानात जोमाने वाढते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. मग कितीही पाणी द्या, मुळे खंगतात, हिरवळ करपते. आणि गिऱ्हाईक पैसे परत मागायला गटाच्याच दारात येते.

म्हणून आम्ही सांगतो, आपली हरळी लावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या मुळ्या फुटलेल्या कांड्या लावल्या की ती पसरते, ऊन सोसते. मात्र दाट सावलीत ती विरळ राहते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. शेतात जिला आपण खणून काढतो, तीच दुसऱ्याच्या अंगणात आपल्याला चार पैसे देईल.