घोड्याची चंदी-वैरण व निगा

यंत्रवाहनांचा सर्वत्र प्रसार झाला असला, तरी घोड्याची उपयुक्तता संपलेली नाही. माथेरानसारख्या गिरिस्थानी तो प्रवासी व सामान वाहून नेतो. मेंढपाळ धनगरांच्या वाड्याबरोबर त्यांचा संसार पाठीवर घेऊन तो रानोरान चालतो. भीमा नदीच्या खोऱ्यातील ज्या काटक भीमथडी तट्टांनी एके काळी मराठ्यांच्या घोडदळाची सेवा केली, त्यांचेच वंशज आजही हे काम करीत आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी वसलेल्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेत व नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो.

अशा घोड्यावर अनेकदा संपूर्ण कुटुंबाची रोजची भाकरी अवलंबून असते. पोटशुळाने ते जनावर एका रात्रीत दगावले, तर त्या घराचा आधारच तुटतो. पोटशुळाची बरीच कारणे चंदी-वैरणीतील चुकांत सापडतात, आणि म्हणूनच ती टाळता येण्याजोगी असतात. या बाबतीत एकच तत्त्व मुख्य आहे : वैरण हे घोड्याचे खरे अन्न होय, चंदी ही त्यास केवळ जोड होय.

पचनक्रियेचे वैशिष्ट्य

गाय व घोडा ही दोन्ही जनावरे गवत खातात. परंतु दोहोंची पचनक्रिया सर्वस्वी भिन्न आहे. गाय रवंथ करते. घोडा करीत नाही. मोठ्या घोड्याच्या जठरातही साधारणपणे ८ ते १५ लिटरच मावते. शिवाय घोड्यास वांती होत नाही. त्यामुळे जठरात प्रमाणाबाहेर दाणा गेला आणि तो फुगला, तर तो बाहेर पडण्यास मार्गच उरत नाही, व प्रसंगी जठर फाटते.

वैरणीतील तंतूंचे पचन जठरात होत नाही. ते पुढे, मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या पिशवीसारख्या भागात व त्यापुढील रुंद आतड्यात होते. तेथे असंख्य सूक्ष्म जंतू वैरण आंबवून तिचे शक्तीत रूपांतर करतात. एकदम पुष्कळ दाणा दिल्यास त्यातील पिष्ट न पचता या भागात उतरते, आम्ल वाढते, उपयुक्त जंतू मरतात व त्यांतून विष निर्माण होते. पोटशूळ आणि खुरातील नाजूक पदरांचा दाह हे दोन्ही भयंकर विकार यातून उद्भवतात.

मोकळा घोडा दिवसाचे चौदा ते सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. लाळ मात्र तो चावतो तेव्हाच सुटते व ती या आम्लाची तीव्रता कमी करते. एक किलो वाळलेले गवत खाण्यास त्यास सुमारे चाळीस मिनिटे लागतात. एक किलो दाणा तो दहा मिनिटांत संपवितो. यावरून केवळ दाण्यावर ठेवलेल्या घोड्याच्या जठरात व्रण का होतात, हे ध्यानी येईल.

वजनाचा अंदाज

आहार ठरविण्यापूर्वी वजन माहीत असावे. काटा नसल्यास साधी टेप पुरते. पुढील पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. तसेच खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व आलेल्या संख्येस ११,८८० ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. उदाहरणार्थ, घेर १५५ व लांबी १४८ सेंटिमीटर असलेल्या घोड्याचे वजन सुमारे ३०० किलो भरते.

वैरण

घोड्यास दररोज त्याच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के इतका शुष्क आहार लागतो. त्यापैकी किमान दीड टक्का भाग वैरणीतून मिळावा. पवना, मारवेल, हरळी यांसारखी फुलोऱ्याच्या सुमारास कापून वाळविलेली गवते उत्तम होत. कुसळी गवत कुसळे धरण्यापूर्वीच कापावे. अन्यथा कुसळे तोंडात रुतून जखमा होतात. ज्वारीचा पानेदार कडबा चालतो. मात्र त्याची कुट्टी फार बारीक करू नये. बारीक भुसकट न चावता गिळले जाते व घशात किंवा आतड्यात अडकते. केवळ भाताच्या पेंढ्यावर घोडा ठेवू नये. लसूण घास पौष्टिक आहे; तथापि तो थोडा सुकवून व इतर गवतात मिसळूनच द्यावा.

चंदी

जव, ओट, हरभरा, कुळीथ व गव्हाचा कोंडा हे चंदीचे नेहमीचे घटक होत. जव भरडून द्यावे. हरभरा काही तास भिजवून व निथळून द्यावा. उन्हाळ्यात तो आंबलेला नाही, हे पाहावे. कुळीथ शिजवून देण्याची प्रथा चांगली आहे.

चंदी मापाने न देता वजनाने द्यावी. एकाच डब्यात हरभरा भरला तर त्याचे वजन तितक्याच कोंड्याच्या सुमारे तिप्पट भरते. ‘एक डबा’ या हिशेबाने घटक बदलणाऱ्याच्या हातून नकळत घोर चूक होते. ३०० किलो वजनाच्या घोड्यास एका वेळी सव्वा किलोपेक्षा अधिक चंदी कधीही देऊ नये. प्रथम थोडी वैरण द्यावी, नंतर चंदी. तोबरा चढविल्यास खाणे संपताच तो उतरवावा.

नमुन्याचा दैनिक आहार

रोज मध्यम काम करणाऱ्या ३०० किलो वजनाच्या घोड्यासाठी पुढील प्रमाण योग्य ठरते :

वाळलेले चांगले गवत — ५ किलो
हिरवा लसूण घास — ४ किलो
भरडलेले जव अथवा ओट — १ किलो
हरभरा — पाऊण किलो
गव्हाचा कोंडा — अर्धा किलो
मीठ — ३० ते ४० ग्रॅम

चंदीचे तीन समान भाग करून सकाळी, दुपारी व सायंकाळी द्यावेत. वैरणीचा मोठा हिस्सा रात्रीसाठी राखावा. एका खाद्यावरून दुसऱ्यावर जाताना दहा ते चौदा दिवस घ्यावेत व रोज थोडा थोडा फरक करावा. आतड्यातील जंतूंना नव्या अन्नाची सवय होण्यास तितका अवधी लागतो. आहार पुरेसा आहे की नाही, हे बरगड्यांवरून कळते. बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, परंतु तळहात फिरविल्यास सहज लागाव्यात.

कोंडा व हाडांचे आरोग्य

गव्हाच्या कोंड्यात स्फुरद पुष्कळ व चुना अत्यल्प असतो. आहारात चुना नेहमी स्फुरदापेक्षा अधिक असावा लागतो. कोंड्याचा अतिरेक झाल्यास शरीर हाडांतील चुना काढून घेते; हाडे ठिसूळ होतात, जबडा व चेहरा सुजल्यासारखा दिसतो व घोडा लंगडू लागतो. नेपिअर जातीच्या गवतातील ऑक्झलेटही चुना बांधून ठेवते. म्हणून गाईम्हशींना मानवणारे हे गवत घोड्यास एकमेव वैरण म्हणून देऊ नये. लसूण घासात चुना भरपूर असल्याने तो ही उणीव भरून काढतो. वरील नमुन्यात त्याचा समावेश याच कारणाने केला आहे.

पाणी, मीठ व काम

विश्रांती घेणाऱ्या लहान घोड्यास थंड हवेत सुमारे १५ लिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात कष्ट पडल्यास त्यास ३० ते ४० लिटर लागते. पाणी कमी पडले की आतड्यातील वैरण घट्ट होऊन अडकते. पाणी सतत समोर असावे. ते शक्य नसल्यास दिवसातून चार-पाच वेळा, चंदीपूर्वी दाखवावे. दमून आलेल्या घोड्यास पाणी मुळीच देऊ नये, हा समज बरोबर नाही. त्यास चालवून निववीत थोडे थोडे पाणी पाजावे. घामावाटे मीठ जात असल्याने उन्हाळ्यात मिठाचे प्रमाण दीडपट करावे.

चंदी खाल्ल्यावर किमान एक तास कामास जुंपू नये. ज्या दिवशी काम नसेल, त्या दिवशी चंदी निम्मी करून वैरण वाढवावी. गिरिस्थानी सुटीच्या दिवशी गर्दी व इतर दिवशी शुकशुकाट असतो. तेथे ही दक्षता विशेष आवश्यक आहे. विश्रांतीच्या काळात पूर्ण चंदी खाल्लेला घोडा कामास लागताच त्याच्या मांड्यांचे स्नायू ताठ होतात व मूत्र गडद तपकिरी येते. अशा वेळी त्यास एक पाऊलही चालवू नये व वैद्यास बोलवावे.

वर्ज्य पदार्थ

कोंबड्यांचे खाद्य व दुभत्या जनावरांची तयार पेंड घोड्यास कदापि देऊ नये. काही खाद्यांत मिसळलेले मोनेन्सिन हे औषध कोंबड्यांना उपकारक असले, तरी घोड्यास अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते. एरंडाची पेंड विषारी आहे. बुरशी आलेल्या मक्यामुळे मेंदूचा असाध्य विकार होतो. कोवळी अथवा पाण्याचा ताण पडलेली ज्वारी धोक्याची असते. बुरसट कडबा व शिळे अन्न उकिरड्यावरच टाकावे.

यात्रेपूर्वी घोडा तजेलदार दिसावा, म्हणून दूध, तूप व गूळ भरपूर चारण्याची काही ठिकाणी चाल आहे. प्रौढ घोड्यास दुधातील साखर नीट पचत नाही. अशा लाडाने अंगावर चमक येण्याऐवजी पोट बिघडते. खरी चमक समतोल आहार, जंतनाश व नित्य खरारा यांनीच येते.

अंगाची निगा

घोड्याचे दात आयुष्यभर वाढत व झिजत असतात. त्यांच्या कडांना टोके आली की गाल व जीभ कापते, घास तोंडातून गळतो व लिदीत अख्खे दाणे दिसतात. वर्षातून एकदा दात तपासून कानशीने घासून घ्यावेत. खूर रोज साफ करावेत व दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून नाल बदलून घ्यावेत. धनुर्वाताचा धोका घोड्यास फार असतो. त्याची लस नियमाने टोचावी. जंतांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे.

प्रत्येक घोड्याची बादली व तोबरा स्वतंत्र असावा. ग्लँडर्स हा प्राणघातक रोग सामायिक हौदावरील पाण्यातून पसरतो व माणसासही जडतो. नाकातून चिकट स्राव येणे व अंगावर गाठी होऊन फुटणे ही त्याची लक्षणे होत. असा संशय येताच घोडा वेगळा बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे; अशा रोगाची खबर देणे २००९ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे.

पोटशूळ उठल्यास

घोडा वळून कुशीकडे पाहतो, पायाने जमीन उकरतो, वारंवार बसतो-उठतो, लोळतो, घामाघूम होतो व लीद टाकीत नाही, ही पोटशुळाची चिन्हे होत. तत्काळ पुढचे खाणे काढून घ्यावे, पशुवैद्यास निरोप धाडावा व तो जोराने लोळत असल्यास हळूहळू चालवावे. नळ्याने तेल, काढा किंवा भांग पाजू नये. ती श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. पुढचे पाय पुढे ताणून मागील पायांवर भार देणे व खूर गरम लागणे, ही खुराच्या दाहाची चिन्हे दिसल्यास घोडा मऊ जमिनीवर उभा करून पाय थंड पाण्यात ठेवावेत व वैद्यास विलंब न लावता बोलवावे.

ग्रामसेवकांचे कार्य

ग्रामसेवकांनी गावातील घोडेवाल्यांस एकत्र करून टेपने वजन काढण्याचे व काट्याने चंदी तोलण्याचे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक दाखवावे. प्रत्येकाच्या घरातील मापात हरभरा, जव व कोंडा किती ग्रॅम भरतो, हे एकदा तोलून त्या मापावर खुणा करून द्याव्यात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक तबेल्याच्या दारावर लिहवून घ्यावा. पावसाळा संपताच गवत वेळेवर कापून वाळविण्यास व शक्य तेथे लसूण घासाचा वाफा लावण्यास उत्तेजन द्यावे. या गोष्टींस खर्च थोडा व चिकाटी अधिक लागते. घोडेवाल्याने एवढे केले, तर घोडा दीर्घकाळ कामास येईल व त्यावर अवलंबून असलेले कुटुंबही निर्धास्त राहील.